मुळांवरच्या गाठी आणि वरचा युरिया



आज खतांच्या मात्रांविषयी लिहायचे नाही, की कीड-रोगांविषयीही नाही. आज लिहायचे आहे ते आपल्या घरातल्या मुलांविषयी, आणि थोडेसे आपल्या स्वतःविषयी. पण सुरुवात मात्र शेतातूनच करू, कारण ही गोष्ट मला कळली ती शेताच्या भाषेतच.

हरभऱ्याचे पीक महिना-सव्वा महिन्याचे झाले की एखादे झाड मातीसकट हलकेच खणून काढा आणि मुळे पाण्यात धुवा. मुळांवर लहान लहान गाठी दिसतील. नखाने एक गाठ फोडून पाहा. आतून गुलाबी निघाली तर समजा, तिच्यातले रायझोबियम जिवाणू कामाला लागलेले आहेत. हवेतला नत्र धरून ते झाडाला पुरवीत आहेत. हा कारखाना झाडाने स्वतःच्या मुळावर उभारलेला असतो. त्याला बिल येत नाही आणि त्याची पिशवीही आणावी लागत नाही.

आता ज्या वाफ्यात हौसेने भरपूर युरिया टाकला आहे, तिथले झाड काढून पाहा. वरून ते हिरवेगार आणि तरारलेले असेल, पण मुळांवर गाठी थोड्या, आणि आहेत त्याही किरकोळ. जमिनीत नत्र आयते मिळू लागले की झाड गाठी बांधण्याच्या खटाटोपात पडत नाही.

माणसाच्या मनालाही अशा गाठी असतात. कुणी सांगितले नाही, कुणी काही देऊ केले नाही, तरी एखादे काम करावेसे वाटते. मानसशास्त्रात याला अंतःप्रेरणा म्हणतात. आपण साध्या भाषेत आतली ओढ म्हणू. बक्षीस, पैसा, शाबासकीचा कागद, छडी, दंड या सगळ्या बाहेरच्या प्रेरणा. आतली ओढ असलेल्या जागी आपण बाहेरचा युरिया किती सहज ओततो आणि त्याने काय होते, हे मला माझ्या घरातच शिकायला मिळाले. चूक माझीच होती, म्हणून ती आधी सांगतो.

पावसाची वही

2004 सालचा पावसाळा. माझा धाकटा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. मी घरी आलो की पर्जन्यमापकाच्या गोष्टी निघत. त्या ऐकून त्याने आपणहून एक उद्योग सुरू केला. दुधाच्या भुकटीचा सरळ उभ्या काठाचा रिकामा डबा त्याने खळ्याच्या कडेला, झाडापासून लांब, एका दगडी चौथऱ्यावर ठेवला. रोज सकाळी आठ वाजता शाळेची पट्टी डब्यात उभी धरायची, पाणी किती मिलिमीटर चढले ते पाहायचे, वहीत लिहायचे आणि डबा पालथा करून पुन्हा जागेवर ठेवायचा.

मी त्याला एकदा हिशेब सांगितला होता, की एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. त्या दिवसापासून तो जेवताना घरातल्या प्रत्येकाला सांगत सुटे, "आज आपल्या वावरात छप्पन्न हजार लिटर पाणी पडलं." माझी आई हसे आणि म्हणे, "मग विहीर का रे भरली नाही?" त्यावर तो विचारात पडे. पाणी कुठे गेले ते पाहायला बांधाबांधाने हिंडे. एके दिवशी त्याने मला दाखवले, की वरच्या तुकड्यातले पाणी एका उंदराच्या बिळातून बांधाखालून निघून जाते. ते माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

मला फार आनंद झाला. आनंदाच्या भरात मी म्हटले, "आजपासून तुला दर नोंदीला दोन रुपये."

पहिले आठ-दहा दिवस उत्साह दुप्पट झाला. मग हळूहळू बोलणे बदलले. "छप्पन्न हजार लिटर" हे ऐकू येईनासे झाले आणि "बाबा, चौदा रुपये झाले" हे ऐकू येऊ लागले. पाऊस नसला तरी शून्य लिहिल्याचे दोन रुपये मिळतात, हे त्याने विचारून पक्के करून घेतले. ऑगस्टमध्ये एके सकाळी मी खळ्यावर गेलो तर डबा आडवा पडलेला, कुत्र्याने लोळवलेला, आत चिखल. घरी येऊन वही पाहिली. त्या दिवसाची नोंद झालेली होती, 12 मिलिमीटर.

मी रागावलो. खोटे लिहिलेस म्हणून बोललो आणि पैसे बंद केले. आता पूर्वीसारखे हौसेने कर, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी डबा तिथेच होता आणि वही तिथेच होती. नोंद मात्र झाली नाही. त्यानंतर कधीच झाली नाही.

माझी आई शाळा शिकलेली नव्हती. ती ओट्यावर शेंगा फोडता फोडता म्हणाली, "पोरगं मन लावून खेळत होतं. तू त्याला रोजंदारीवर लावलंस. मग रोज बंद केल्यावर तो कामावर कशाला येईल?"

तेव्हा मला ते लागले, पण पटले नाही. बीएस्सी झालेला माणूस, पटायला वेळ लागतो.

शास्त्रज्ञांनी काय पाहिले

पुढे खात्याच्या एका प्रशिक्षण वर्गात, लोकांना नवीन गोष्टी करायला प्रवृत्त कसे करावे हा विषय निघाला. तेव्हा कळले, की माझ्या आईने ओट्यावर बसून जे सांगितले होते, त्यावर अमेरिकेत आणि इतरत्र वर्षानुवर्षे प्रयोग झालेले आहेत. त्यातले तीन सांगतो.

पहिला प्रयोग एडवर्ड डेसी या तरुण संशोधकाचा, 1971 साली प्रसिद्ध झालेला. त्याने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठोकळे जुळवून आकृती करण्याचे कोडे दिले. ते कोडे मुळातच गोडी लावणारे होते. तीन वेगवेगळ्या दिवशी विद्यार्थी आले. दुसऱ्या दिवशी निम्म्यांना दर सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला आणि बाकीच्यांना काही नाही. तिसऱ्या दिवशी कोणालाच पैसे नव्हते. दरवेळी मध्येच डेसी आठ मिनिटे बाहेर जाई आणि सांगून जाई, की या वेळात तुम्ही हवे ते करा. खोलीत मासिकेही ठेवलेली होती. खरी परीक्षा त्या आठ मिनिटांचीच होती. ज्यांना आदल्या खेपेला पैसे मिळाले होते, ते पैसे बंद झाल्यावर कोड्याला पूर्वीपेक्षा कमी हात लावू लागले.

दुसरा प्रयोग 1973 सालचा, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी चित्रे काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला आधी काही सांगितले नाही, चित्र काढून झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंगीत पेने ठेवली आणि कोण किती वेळ चित्रे काढते ते गुपचूप मोजले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील मुलांनी मोकळ्या वेळातला शेकडा 17 ते 18 भाग चित्रांत घालवला. कबूल करून प्रशस्तिपत्र दिलेल्या मुलांनी घालवला शेकडा 9 च्या आसपास. म्हणजे गोडी निम्म्यावर आली.

यातली बारकाई लक्षात घ्या. प्रशस्तिपत्र दोन्ही गटांना तेच मिळाले होते. अचानक मिळालेल्याने नुकसान झाले नाही. "हे केलेस तर ते देईन" या सौद्याने झाले.

तिसरा प्रयोग मुलांचा नसून आईबापांचा आहे आणि बक्षिसाचा नसून दंडाचा आहे. तो इस्राएलमधील हैफा शहरातला. तिथल्या 10 पाळणाघरांत काही पालक मुलांना न्यायला उशिरा येत आणि शिक्षिकांना थांबावे लागे. नीझी आणि रुस्टिचिनी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी 20 आठवडे नोंद ठेवली. 6 पाळणाघरांत त्यांनी नियम केला, की दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर 10 शेकेल दंड. वाटले होते उशीर कमी होईल. झाले उलटेच. काही आठवड्यांत उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. आधी उशीर झाला तर बाईंसमोर जायला मनात संकोच वाटे. दंड आल्यावर तो संकोच गेला. पैसे भरले, काम मिटले. दंडाचे भाडे झाले. नंतर दंड काढून टाकला, तरीही उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. गेलेली लाज परत आली नाही. 2000 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

हे वाचल्यावर मला वहीतली ती कोरी पाने आठवली.

असे का होते?

मन हिशेबी आहे. आपण एखादे काम का करतो, याचे कारण ते आतल्या आत शोधत असते. मोबदला नसतो तेव्हा कारण एकच दिसते, "मला आवडते म्हणून." मोबदला आला की दुसरे कारण दिसू लागते आणि ते जास्त ठळक असते. काही दिवसांनी मन स्वतःलाच सांगते, "मी हे पैशासाठी करतो आहे." मग पैसे गेले की कारणच गेले.

दुसरे असे, की सौदा केला की लगाम देणाऱ्याच्या हातात जातो. माझ्या मुलाचा डबा त्याचा होता. दोन रुपये आल्यावर तो माझा झाला. तो माझे काम करू लागला, आणि दुसऱ्याच्या कामात माणूस जेवढ्यास तेवढे करतो. त्याने 12 मिलिमीटर खोटे लिहिले ते त्याच्या स्वभावात खोट होती म्हणून नव्हे. मी नोंदीला पैसे ठरवले होते, त्याने मला नोंद दिली.

हे घरापुरतेच नाही. संत गाडगेबाबांच्या नावाने 2000-01 मध्ये राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. नोकरीत मी किती तरी गावांतून हिंडलो. काही गावांनी त्या निमित्ताने जी सवय धरली ती आजही सोडलेली नाही. पण असेही गाव पाहिले, की तपासणी समिती येणार त्या आठवड्यात रस्त्यावर रांगोळ्या, आणि निकाल विरुद्ध गेल्यावर पंधरा दिवसांत उकिरडे होते तिथेच. फरक कशात होता? पहिल्या गावांत बायाबापड्यांना वाटले होते, की आपले गाव आपल्याला असे हवे. दुसऱ्या गावात सर्वांना हवे होते बक्षीस. गाडगेबाबा स्वतः गावात येत, हातात खराटा घेत आणि आधी गाव झाडीत. कीर्तन त्यानंतर. बक्षिसासाठी त्यांनी खराटा कधी धरला नाही. त्यांच्या नावाच्या अभियानात आपण निदान एवढे तरी ध्यानात ठेवायला हवे.

मग बक्षीस वाईटच का?

नाही. युरिया वाईट नाही, तसेच हे आहे. हरभऱ्यालाही आपण पेरताना हेक्टरी 25 किलो नत्र देतोच. का देतो? गाठी तयार होऊन कामाला लागेपर्यंत रोपाला आधार हवा म्हणून. तेवढे पुरते.

मनाचेही तसेच. ज्या कामात मुळातच गोडी नाही, तिथे बक्षिसाने गोडी मारली जाण्याचा प्रश्न येत नाही, कारण नाही ते मरणार कसे? पाढे पाठ करायला बसत नसलेल्या मुलाला सुरुवातीला एखादे आमिष दाखवले तर बिघडत नाही. जमू लागल्याचा आनंद त्याला मिळू लागला की आमिष हळूहळू काढून घ्यावे. 1999 मध्ये डेसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे 128 प्रयोग एकत्र तपासले. आवडीच्या कामावर आधी कबूल केलेले वस्तुरूप बक्षीस गोडी कमी करते, नीरस कामावर तसा परिणाम होत नाही, असे त्यांना दिसले. या विषयावर शास्त्रज्ञांत वादही झाले आहेत, आणि काहींच्या मते ही हानी सांगतात तेवढी मोठी नाही. पण आवडीच्या कामाला दर लावताना जपावे, एवढा धडा घ्यायला हरकत नाही.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगतो, नाहीतर माझ्या लिहिण्याचा भलताच अर्थ निघेल.

एक, शेतमजुराची मजुरी म्हणजे बक्षीस नव्हे. तो घामाचा हक्क आहे. "पैशासाठी नको, कामाच्या गोडीने कर" हे पोट भरलेल्याने उपाशी माणसाला सांगू नये. पुरती मजुरी वेळेवर मिळाली तरच माणसाच्या मनात कामाच्या चांगुलपणाचा विचार येतो.

दुसरी गोष्ट घरातल्या आयाबहिणींची. धारा, शेण, खुरपणी, चूल, म्हातारी माणसे, हे सगळे त्या मायेने करतात हे खरे. पण मायेने करते म्हणून तिला विचारायला नको, तिच्या हाती पैसा नको, सातबाऱ्यावर तिचे नाव नको, असे होत नाही. जे माणूस आतल्या ओढीने राबते, त्याला गृहीत धरले की त्याच्याही गाठी सुकतात.

गाठी वाढवायच्या कशा?

डेसी आणि त्याचा सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे सांगितले, की आतली ओढ तीन गोष्टींवर पोसते. कामात आपला शब्द चालला पाहिजे, काम जमत चालले आहे हे दिसले पाहिजे आणि हे करताना आपण कुणाचे तरी आहोत असे वाटले पाहिजे. तिन्हीला पैसा लागत नाही, धीर लागतो.

एक उदाहरण देतो, ते तुम्ही येत्या मेमध्ये घरी करून पाहा. घरचे सोयाबीन बियाणे पेरण्याआधी त्याची उगवणशक्ती तपासायची असते. हे काम घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला द्या. बियाण्यातून न निवडता सरसकट शंभर दाणे मोजून घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी 30 किलो हे नेहमीचे प्रमाण चालते. कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे लागते, आणि फारच कमी निघाले तर ते बियाणे पेरूच नये.

यात तीन गोष्टी पाळा.

गुंडाळी कुठे ठेवायची, पाणी केव्हा शिंपडायचे हे मुलालाच ठरवू द्या. तुम्ही फक्त एकदा दाखवा आणि बाजूला व्हा. गोणपाट वाळले आणि दाणे फुकट गेले तर ओरडू नका. पुन्हा शंभर दाणे द्या.

"शाब्बास, हुशार आहेस" एवढ्यावर थांबू नका. काय चांगले झाले ते नेमके सांगा. "तू कोपऱ्यातले दाणेही मोजलेस, म्हणून आकडा बरोबर आला," असे म्हटले की मुलाला आपले काम दिसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचा आकडा वापरा. पेरणीचा विचार करायला घरातली मोठी माणसे बसतील तेव्हा त्यालाही बसवा आणि विचारा, "तुझ्या चाचणीत किती उगवले?" त्याने 64 सांगितले तर बियाणे खरोखर वाढवा. आपल्या शब्दावर घरची पेरणी ठरली, याहून मोठे बक्षीस दहा वर्षांच्या मुलाला दुसरे नाही.

काम संपल्यावर एखाद्या बाजारच्या दिवशी, काही न बोलता, त्याच्यासाठी भेळ आणा. पण "चाचणी केलीस म्हणून" असे म्हणू नका. भेळ ही भेळच राहू द्या.

तुम्ही म्हणाल, मुलांना शेतीची ओढ राहिली नाही, ती शहराकडे पळतात, याला काय करणार? शेतमालाचे भाव, पाण्याची टंचाई ही त्याची मोठी कारणे आहेत आणि ती गोणपाटाच्या गुंडाळीने सुटणार नाहीत. पण लहानपणी प्रत्येक मूल वावरात काहीतरी आपणहून करीत असते. कुणी खोपे मोजते, कुणी करडाला नाव ठेवते, कुणी बांधावर वाल लावते. तिथे आपण दर लावू नये, पहिला नंबर आणू नये आणि "त्यापेक्षा अभ्यास कर" असेही म्हणू नये. एवढे आपल्या हातात आहे.

माझा धाकटा आज शहरात नोकरी करतो. शेतीकडे वळला नाही, आणि त्याचे सगळे खापर मी त्या दोन रुपयांवर फोडत नाही. ती वही मात्र मी जपून ठेवली आहे. जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट अशा नोंदी आहेत, पुढे कोरी पाने.

गेल्या पावसाळ्यात मी तसाच एक डबा पुन्हा त्या चौथऱ्यावर ठेवला आणि कोऱ्या पानांवर लिहायला लागलो. एकदा फोनवर सहज बोलताना सांगितले, की काल 31 मिलिमीटर झाला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, म्हणजे एकरी सव्वा लाख लिटर की हो. आणि उंदराचं बीळ बुजवलंत का?"

त्यानंतर जोराचा पाऊस झाला की त्याचा फोन येतो. मी आकडा सांगतो. अधिक काही बोलत नाही.